लेकीच्या दारात सोलर प्लेट

२ मार्च २०२५

झालं! सोजरचा गुडघा आता महिनाभर बऱ्हाणपुरात मुक्कामाला. डॉक्टर म्हणाले, रोज शेक, रोज व्यायाम, खाडा चालणार नाही. शाहपूरहून जाऊन-येऊन करतो म्हटलं तर माझ्यावरच डाफरले — "काका, रोज जीपमध्ये आदळायचा असेल तर हा गुडघा माझ्याकडे आणूच नका." तेही सोजरसमोर. बायकोसमोर कुणी झापलं की दिवसभर तोंडाची चव जाते.

अमृताचा फोन लगेच. "बाबा, सरळ माझ्याकडे या. आईची खोली झाडून ठेवलीय." एकुलती एक लेक. लग्नाला आठ वर्षं झाली. बऱ्हाणपुरातच लालबागच्या पुढं नव्या कॉलनीत घर, स्वतः बँकेत. जावई तुषार शाळेत मास्तर, सोन्यासारखा माणूस. सगळं खरं. पण तिला अजून मूल नाही. आणि लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. हे काही मी सुरू केलेलं नाही! माझ्या बाबांनी भागाबाईच्या — म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या — दारात कित्येक वर्षं पाण्याचा घोट घेतला नाही. भाचा झाला तेव्हा पहिला घास. गावात नाव होतं त्यांचं त्याबद्दल.

भाड्याची खोली घ्यावी तर लोक म्हणतील, लेकीचं गाव आणि भाड्याची खोली? भांडण झालं का?

डोकं शिणलं. झोपतो.

३ मार्च

सापडलं! ट्रेलर!

केळीच्या शेडमध्ये उभा आहे की. शाहपूरच्याच वेल्डिंगवाल्याकडून हौसेनं बनवून घेतलेला. चाकांवरची खोली म्हणा ना — दोन बर्थ, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, पंखा, छोटा फ्रिज, खाली दोन बॅटऱ्या. जीपच्या मागं जोडला की घर निघालं. एकदा ओंकारेश्वरला जाऊन आलो, त्यानंतर त्यात खताची पोती. सोजर त्याला डब्बा म्हणते. समाधान, माझा मुलगा — शेती आता तोच बघतो — "बाबांचं खूळ" म्हणतो. बघा म्हणावं आता खूळ! लेकीच्या दारात उभा करायचा. लेक डोळ्यांसमोर, दवाखाना जवळ, चूल आपली, पाणी आपलं. नियमही शाबूत.

५ मार्च

बॅटऱ्या पार बसल्या होत्या. त्यांच्यासाठी घडीच्या सोलर प्लेटा आणल्या, दोन. सुटकेससारख्या उघडतात, मागचे पाय काढून उन्हाकडं तोंड करून ठेवायच्या. टपावर कायमच्या बसवल्या असत्या तर ट्रेलरही उन्हातच ठेवावा लागला असता, आत भट्टी. ह्यांचं तसं नाही. ट्रेलर सावलीत, प्लेटा लांब वायर ओढून उन्हात. मध्ये कंट्रोलर, तो बॅटरीला जादा जाऊ देत नाही. अंगणात लावून बघितलं, संध्याकाळी बॅटऱ्या फुल्ल!

समाधान म्हणे, "बाबा, ताईच्या घरी लाईट आहे ना. एक वायर बाहेर घ्या, खतम."

अरे पण बिल कोण भरतं? जावई! पाणी चालत नाही तर लाईट कशी चालेल? तिच्या लाईटीवर आमचा पंखा फिरणार, तिच्या लाईटीवर आमचं दूध गार राहणार, आणि मी मिशीवर ताव देऊन सांगणार की लेकीचं काही घेत नाही? असला पळपुटेपणा आपल्याला जमत नाही. समाधान हसत हसत बागेत गेला. हसू दे.

८ मार्च

पोचलो. गेटाच्या डाव्या हाताला कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत ट्रेलर लावला. प्लेटा गेटासमोर मोकळ्या उन्हात. फस्क्लास जागा!

अमृता बाहेर आली ती ट्रेमध्ये पाण्याचे दोन ग्लास घेऊनच. आमच्याकडं बघितलं, ट्रेलरकडं बघितलं. "बाबा, हे काय?" सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, "आई पण?" सोजर माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी टाकीची तोटी दाखवली. "आमचं पाणी आणलंय गं, शाहपूरचं." तिनं दोन्ही ग्लास कुंडीत ओतले आणि आत गेली.

तुषार वायरचा बोर्ड घेऊन आला. परत दिला. मुकाट्यानं घेऊन गेला बिचारा.

सोजर आत बघून आली. म्हणते, खोलीत नवी चादर आहे, संडासात तिच्या गुडघ्यासाठी उंच बैठक बसवून घेतलीय. वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम. संडास-बाथरूम तेवढं तिचं वापरतो, त्याबद्दल बाबांनी काही सांगितलेलं नाही.

१० मार्च

सोजरला रिक्षानं दवाखान्यात नेतो, आणतो. बाकी दिवसभर मी उन्हामागं. सकाळी ऊन गेटासमोर. मग निंबाची सावली सरकते — उचला प्लेटा, आणखी पुढं. दुपारी रस्त्याच्या कडेला. एका कोपऱ्यावर जरी सावली आली तरी अख्खी प्लेट रुसते. वर धूळ, ती ओल्या फडक्यानं पुसा. आणि तीननंतर गल्लीच्या आमच्या बाजूला ऊनच नाही! समोरच्या ओट्यावर मात्र लख्ख. तिथं कोण राहतं बघायला पाहिजे.

१२ मार्च

समोर वंदनाबाई. माझ्याच वयाच्या. घरात नवरा, मुलगा आणि सून पूजा, तिला सातवा लागेल आता. ओट्यावर प्लेट ठेवू का विचारलं. "रखो ना काकाजी, धूप पे कौन सा टैक्स लगता है!" बाई मोकळी. खुर्ची दिली, चहा दिला. आलं घातलेला, फक्कड.

मग विचारलंच — बेटी का घर सामने, और आप गाड़ी में? सांगितलं. लपवायचं काय त्यात? आमच्यात असं असं, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही. बाईंनी कप खाली ठेवला. "अच्छा! तो उसको बच्चा नहीं हो रहा? हमको लगा नौकरीवाले लोग हैं, अभी सोचा नहीं होगा. कितने साल हुए?" आठ. "इलाज-विलाज?" म्हटलं, देव देईल तेव्हा. बाई हळहळल्या. म्हणाल्या, आजकल कौन पालता है ये सब, आप जैसे लोग रहे कहाँ! बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

चहा पिताना अमृता खिडकीत दिसली, बँकेतून आलेली. मी हात केला. तिनं पडदा ओढला. ऊन लागत असेल.

१६ मार्च

होळी झाली. माझं आता कॉलनीत नाव झालंय! पोरं प्लेटा बघायला येतात, बापे बॅटरीचं विचारतात, बाया ट्रेलरमध्ये डोकावून "हाय राम, फ्रिज भी है!" म्हणतात. सगळ्यांना सगळं समजावून सांगतो. गाडी कशी, प्लेट कशी, आणि का — तेही. एक जण म्हणाला, काकाजी, आपका वीडियो बनाना चाहिए. मी म्हटलं, बनाओ!

सोजर आतून ओरडली, "पुरे झालं तुमचं भाषन! भाकर गार होऊ राह्यली."

२० मार्च

अमृता बँकेतून आली की ट्रेलरच्या पायरीवर बसते. सोजरच्या हातची भाकरी, ठेचा, कळण्याची भाकरी असली तर अजून एक. लेकीनं आईबापाचं खाल्लेलं चालतं, त्याला बंदी नाही. पोटभर जेवते. लहानपणी जेवायची तशीच, बोटं चाटत.

आज म्हणाली, "बाबा, मी रोज तुमच्याकडे जेवते. माझ्या हातचा एक घास तुम्हाला जड होतो?"

म्हटलं, "अगं वेडे, नातवाला मांडीवर घेऊन जेवणार आहे मी तुझ्याकडे. पंगत घालीन!"

दरवेळी हेच म्हणतो मी. आधी हसायची. आज उठून हात धुतले.

२४ मार्च

वाईट दिवस. सगळं नीट लिहितो.

सकाळपासून धुळीचं आभाळ. ऊन पातळ. बॅटरी कालच अर्ध्यावर होती, त्यात पंखा आणि फ्रिज दोन्ही चालू. दुपारी प्लेटा वंदनाबाईंच्या ओट्यावर ठेवल्या आणि तिथंच बसलो गप्पा मारत. त्यांच्या मुलानं कार आणून ओट्यासमोर लावली. प्लेटांवर सावली. माझं लक्ष कुठं? मी चहात! ट्रेलरमध्ये पंखा बंद पडला आणि सोजर आत झोपलेली. पत्र्याचा डब्बा, चाळीसचा उकाडा.

अमृता दुपारची घरी आली होती म्हणून. नाहीतर काय झालं असतं, लिहवत नाही. सोजर घामानं निथळत, डोळे अर्धे, उठता येईना. अमृतानं एकटीनं तिला धरून घरात नेलं. पंख्याखाली झोपवलं, लिंबूपाणी पाजलं. मी धावत गेलो, दारात उभा.

"आत या ना," ती म्हणाली. "का दारही चालत नाही?"

मी म्हटलं, पंख्यापुरतं ठीक आहे, पण पाणी आपल्या टाकीतलं आणतो. तेव्हा ती ओरडली. माझी लेक माझ्यावर आजवर ओरडली नव्हती. "वंदनाताईंचा चहा चालतो, बाबा! रोज दोन वेळा चालतो! आणि आईच्या घशाला कोरड पडली तरी माझं पाणी नाही चालत?"

सोजर खाटेवरूनच बोलली, "मी इथंच राह्यणार. इथंच जेवणार. तुम्ही बसा तुमच्या डब्ब्यात."

म्हटलं, सोजर, लोक काय म्हणतील?

"लोकायले काय, तुम्हीच सांगत फिरता सगळं!" आणि भिंतीकडं तोंड.

२५ मार्च

एकट्यापुरती खिचडी. करपली.

२७ मार्च

सोजर दोन्ही वेळा आत जेवते. रंग सुधारलाय तिचा. मी खिडकीतून बघतो — मायलेकी हसत असतात. बॅटऱ्या भरलेल्या आहेत, एकट्याला किती लागणार?

तुषार येऊन बसला. त्याला फार बोलता येत नाही. म्हणाला, "बाबा, समोर पूजाची गोदभराई आहे पाडव्याला, आपलं ओटीभरण. अमृता आणि पूजा एकदम पक्क्या मैत्रिणी. अमृतानं हिरवी साडी आणलीय तिच्यासाठी, स्वतः निवडून." म्हटलं, छान. तो अजून काहीतरी बोलणार होता. प्लेटेवरची धूळ बोटानं पुसत बसला, मग उठून गेला.

३० मार्च, पाडवा

रात्री लिहितोय.

दुपारी प्लेटा नेहमीसारख्या समोरच्या ओट्याला टेकवलेल्या. मी शेजारी खुर्ची टाकून. आत बायकांची गर्दी, ढोलक. अमृता ताट घेऊन आली — हिरवी साडी, नारळ, गहू, बांगड्या. मोत्यांचा सर घातला होता, सोजरनं दिलेला. माझ्याकडं बघून हसली. इतक्या दिवसांनी! राग गेला वाटतं, म्हटलं.

उंबऱ्यातच वंदनाबाईंनी तिचा हात धरला. हळूच बोलत होत्या, पण मी दोन हातांवर. "बेटा, तू अंदर बैठ, खाना खाके जाना. गोद पूजा की बुआ भर देगी... बुरा मत मानना. पहला बच्चा है, हमारे में थोड़ा देखते हैं." अमृता म्हणाली, "आपको किसने..." आणि थांबली.

"तुम्हारे पापा ने ही तो बताया, बेटा."

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ताट तसंच धरून रस्ता ओलांडून घरी गेली. मी खुर्चीत. उठायचं सुचेना मला. कानात ढोलक, समोर त्या दोन काळ्या प्लेटा.

संध्याकाळी ट्रेलरशी आली. रडली नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "बाबा, इतवाऱ्यातलं आधीचं घर आम्ही का सोडलं, माहीत आहे?"

म्हटलं, गाडी लावायला जागा नव्हती म्हणून.

"रोज कुणीतरी विचारायचं म्हणून. कुणी बुवा सांगायचं, कुणी झाडपाला. बारशाला बोलवायचं नाही, आणि बोलावलंच तर बाळ हातात द्यायचं नाही. इथं येऊन वर्ष झालं. इथं कुणाला काही माहीत नव्हतं. मी नुसती अमृता होते इथं."

म्हणालो, "मी मुद्दाम नाही गं..."

"माहीत आहे. तुम्हाला तर अभिमान वाटत होता."

एवढंच बोलून आत गेली.

३१ मार्च

सकाळी अंघोळ करून तिच्या घरात गेलो. थेट स्वैपाकघरात, जमिनीवर बसलो. म्हटलं, "अमू, वाढ. आजपासून तुझ्याकडं जेवतो. खड्ड्यात गेला नियम."

सोजरच्या हातातलं लाटणं थांबलं. तुषार दारात. अमृता ओट्याशी पाठमोरी. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "आज नको, बाबा. आज तुम्ही माझी कीव येऊन जेवाल. ते मला नाही गिळवणार."

उठलो. गुडघे माझेही दुखतात, ते आज कळलं.

१ एप्रिल

ट्रेलर घेऊन शाहपूरला परत. एकटाच. सोजरचा व्यायाम संपायचाय, ती तिथंच. निघताना वंदनाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जा रहे काकाजी? रौनक चली जाएगी!" मान हलवली. त्यांना काय बोलू? त्यांनी आपल्या घरचा रिवाज पाळला, मी माझ्या घरचा. मधल्यामध्ये माझी पोर.

वाटेत जीप थांबवून रडलो. केळीच्या बागा दोन्ही बाजूंना. कुणी बघितलं नाही.

५ एप्रिल

अंगणात प्लेटा लावल्या. सवय. बॅटऱ्या भरून घेतल्या. पंखा लावून ट्रेलरमध्ये बसलो तासभर, गार वारा. कुणासाठी? बंद केला.

समाधान जेवायला हाक मारत होता. सुनेच्या हातचं जेवलो. वैशाली करते चांगलं. कुणाची तरी लेकच ना ती? तिचे आईवडील येतात तेव्हा आमच्याकडं खुशाल जेवतात, का तर दोन नातवंडं खेळतायत अंगणात. नातवंडं नसती तर ती माणसंही गेटाबाहेर बसली असती, आणि मी आत बसून म्हटलं असतं — काय सज्जन माणसं!

११ एप्रिल

भागाबाईचा फोन. सोजरनं सगळं सांगितलेलं दिसतंय तिला. म्हातारी झाली, पण आवाज तोच, डफासारखा.

मी म्हटलं, ताई, बाबांचंच तर केलं मी. बाबा नाही का तुझ्याकडं...

"बाबांचं नाव घेऊ नको!" म्हणाली. "तुले काय माहीत रे? बाबा यायचे. बाहेर पारावर बसून घरून आनलेली भाकर सोडायचे. सासू मले म्हनायची, बघ, तुह्या बापाले बी तुह्या हातचं नको. मी मागच्या दारी जाऊन रडायची. त्या एका गोष्टीपायी बाबा येऊच नये असं वाटायचं मले. बाप यायचा त्या दिवशी मले जेवन जायचं नही."

मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस!

"कोनाले बोलू? तुम्ही सगळे तर बाबांची वाहवा करत होते."

फोन ठेवला. बागेत जाऊन आलो. मजूर घड तोडत होते, त्यांच्याशी उगाच भांडलो. माझं हे असंच — स्वतःवर चिडलो की दुसऱ्यावर निघतं.

१५ एप्रिल

सोजर आली. गुडघा बरा आहे, काठी सुटली. समाधाननं जाऊन आणली. मी जायला निघालो होतो, तर म्हणे, "ताई मला म्हणाली, तूच ये."

सोजरनं घरात पाय ठेवताच सांगितलं — तिची लेक गवताच्या काडीएवढंही वाईट बोलली नाही माझ्याबद्दल. "पन तुमचं नाव निघालं की उठून दुसऱ्या कामाले लागते," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

पूजाकडं अमृता जात नाही आता. पूजा दोनदा येऊन गेली, रडून गेली. साडी तशीच कपाटात आहे.

१८ एप्रिल

फोन लावला. तुषारनं उचलला. "बिझी आहे बाबा ती, सांगतो." नंतर काही नाही.

२२ एप्रिल

आखाजी जवळ आली, अक्षय तृतीया. आमच्याकडं दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात. अमृता लग्नानंतर एकदाही चुकली नाही. चिंचेला झोका बांधून ठेवतो मी, नवऱ्यासोबत आली तरी पोरीसारखी झोके घेते, गाणी म्हणते. सोजर सांजोऱ्या करते, मी आंबे आणतो रसाला.

आंबे सांगून ठेवले. झोक्याचा दोर नवा आणला. येईल. रागावली तरी आखाजीला येईलच.

सोजर दोराकडं बघून म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जाईना तुमचा. ती येईल, ती येईल! तुम्ही गेले का तिच्या दारी माफी मांगाले?"

म्हटलं, जेवायला बसलो होतो ना मी!

"ते जेवनं होतं का? हुकूम होता तो. 'वाढ' म्हने! तिनं तुमच्यासाठी किती वेळा वाढलं, ते मोजलं का कधी?"

दोर खुंटीला अडकवला. आतापर्यंत माझ्याजवळ प्रत्येकाला उत्तर असायचं.

२५ एप्रिल

विचार करतो आहे. मी लेकीचं काही घेतलं नाही असं म्हणत राहिलो. पाणी नाही, अन्न नाही, लाईट नाही, त्यासाठी एवढा खटाटोप केला, ऊन गोळा करत गल्लीभर फिरलो. आणि तिथंच बसून तिची इज्जत वाटून आलो सगळ्यांना. चहाच्या कपावर! एक वायर घेतली असती तिच्या घरातून तर काय बिघडलं असतं? गेटाच्या आत बसलो असतो. वंदनाबाईंच्या ओट्यावर जायचं कामच पडलं नसतं.

शहाण्या माणसा, तुला प्लेटेवरची सावली दिसायची, लेकीच्या तोंडावरची नाही दिसली.

२७ एप्रिल

अमृताचा फोन आला, आईला. मी शेजारीच बसलेलो. "आई, यंदा आखाजीला नाही जमणार गं." सोजरनं फोन माझ्याकडं केला. मी घेतला. "अमू..." म्हटलं. म्हणाली, "उन्हात फिरू नका बाबा." आणि ठेवला.

सोजर ओट्याशी जाऊन उगाच भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

२८ एप्रिल

ट्रेलर शेडमध्ये लोटला. प्लेटांची घडी घालून ठेवून दिल्या. समाधान म्हणाला, बाबा, विकून टाकू का? म्हटलं, तुला वाटेल ते कर.

२९ एप्रिल

ठरलं. उद्या जातो. बसनं. डबा नाही, पाण्याची बाटली नाही. सोजर म्हणाली, मी येते. म्हटलं, नको. हे माझं मला करू दे. तिनं सांजोऱ्या बांधून द्यायला घेतल्या, त्याही नको म्हटलं. रिकाम्या हातानं जायचंय मला, मागायला.

३० एप्रिल, आखाजी

गेटाशी उभा राहिलो. म्हटलं, "अमू, चुकलो गं. भूक लागलीय."

ताट घेऊन बाहेर आली. पुरणपोळी, रस, कुरडई. निंबाखाली, ट्रेलर लावला होता तिथं, खुर्ची ठेवली. सगळं जेवलो. परत मागून घेतलं. पाणी मागितलं, तेही दिलं. दोन ग्लास प्यायलो. समोरून वंदनाबाई बघत होत्या. बघू दे. जेवण होईपर्यंत अमृता गेटाला टेकून उभी होती. मग ताट उचललं, "सावकाश जा, बाबा" म्हणाली.

आत या, असं म्हणाली नाही.